लेखनाचे उपदेश आणि मराठी वाक्य

लेखन शिकवितां येतें कीं नाहीं, या वादांत आपल्याकडे दोन पक्ष पूर्वींपासून आहेत. एक पक्ष म्हणतो, प्रतिभा ही जन्मजात देणगी. ती ज्याला आहे त्याला गुरूची गरज नाहीं, आणि ज्याला नाहीं त्याला गुरूचा उपयोग नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, सुताराला रंधा धरावयास शिकावें लागतें, गवयाला षड्ज लावावयास शिकावें लागतें. मग लेखकानेंच तेवढें आकाशांतून पडावें ही अपेक्षा कां? या दुसऱ्या पक्षाचें आपल्याकडील सर्वांत गाजलेलें पुस्तक म्हणजे प्रा. ना. सी. फडके यांचें 'प्रतिभासाधन'. तें १९३१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि 'तंत्र' या शब्दाची पुढें कित्येक वर्षें जितकी वाहवा झाली तितकीच थट्टाहि झाली.

प्रस्तुत लेखक दुसऱ्या पक्षाचा आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. परंतु या पक्षाविरुद्ध एक तक्रार आहे. लेखन सुधारण्याचा उपदेश करणारीं आपलीं बहुतेक पुस्तकें व व्याख्यानें कथानक, स्वभावचित्रण, उत्कंठा, शेवटची कलाटणी यांविषयीं भरभरून बोलतात. म्हणजे दिवाणखाना कोठें असावा आणि माडी किती उंच असावी याची चर्चा पोटभर होते. विटा कच्च्या राहिल्या आहेत, इकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. लेखनाची वीट म्हणजे वाक्य. मराठी वाक्याचे स्वतःचे असे कांहीं स्वभावधर्म आहेत, आणि परभाषेंतून उचलून आणलेल्या उपदेशांत ते सांपडणें शक्यच नाहीं.

आपलें गद्य वयानें लहान नाहीं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. ज्यांनीं स्वामींना पाहिलें होतें त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, आणि जेथें दोन सांगणाऱ्यांत फरक पडला तेथें तो फरकहि नोंदवून त्यांनीं हें काम केलें. त्या ग्रंथांतील वाक्यें आंखूड आहेत. कोणी आलें, बसलें, कांहीं विचारलें, स्वामींनीं उत्तर दिलें, प्रसंग संपला. कर्ता दिसतो आहे, क्रियापद त्याच्या हांकेच्या अंतरावर आहे, विशेषणांची गर्दी नाहीं. पुढें बखरकारांनीं या गद्याला पल्ला दिला आणि फारसी शब्दांचा दरबारी पोषाख चढविला. तरी वाक्याचा सांधा मराठीच राहिला.

तो सांधा बदलला इंग्रजी विद्येनें. १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. शास्त्रीबोवांपुढें मेकॉले आणि जॉन्सन होते. जॉन्सनवर तर त्यांनीं मालेंत विस्तारानें लिहिलें आहे. पोटवाक्यांनीं लगडलेलें, वळणें घेत घेत शेवटीं क्रियापदावर येऊन दणकन् बसणारें लांब वाक्य त्यांनीं मराठींत रूढ केलें. त्यांच्या हातीं तें तोललें गेलें, कारण संस्कृत त्यांच्या हाडींमाशीं खिळलेलें होतें आणि त्यांचा रागहि खरा होता. चमत्कार असा कीं, 'भाषादूषण' या नांवाचा निबंध ज्यांनीं लिहिला त्यांच्याच अनुकरणानें पुढें मराठी वाक्य पुष्कळ बिघडलें. अनुकरण करणाऱ्यांनीं लांबी तेवढी उचलली; तोल मागें राहिला.

या बाबतींत मला आगरकरांचें उदाहरण अधिक मोलाचें वाटतें. 'सुधारक' पत्र निघालें तें १८८८ सालीं, आणि त्याच सालीं त्यांचें 'वाक्यमीमांसा' हें पुस्तकहि प्रसिद्ध झालें. ज्याला सारा समाज हलवावयाचा आहे तो गृहस्थ कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचें पृथक्करण करीत बसतो, याचें कोणास हंसूं येईल. मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. आपण कोणतें विधान कोणाविषयीं करीत आहोंत हें ज्याला स्वच्छ ठाऊक नाहीं, त्याला वादांत आपण काय सिद्ध केलें हेंहि कळत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, आणि तें येईपर्यंत वाचक श्वास रोखून बसलेला असतो. इंग्रजींत कर्त्यापाठोपाठ क्रियापद येऊन जातें, म्हणून वाक्याच्या शेपटाला हवीं तितकीं पोटवाक्यें जोडलीं तरी त्या वाचकाची वाट चुकत नाहीं. आपल्याकडे तीं सारीं कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्यें कोंबावीं लागतात. 'त्या खेड्यांत, जें एका नदीच्या कांठीं वसलेलें होतें, एक शिक्षक, ज्यांचें नांव सर्वत्र आदरानें घेतलें जात असे, राहत होते.' या वाक्यांत व्याकरणाची म्हणण्यासारखी चूक नाहीं, आणि तरीहि तें मराठी नाहीं. बोलतांना कोणीहि असें बोलत नाहीं. 'नदीकांठच्या त्या खेड्यांत एक शिक्षक राहत. त्यांचें नांव सारे आदरानें घेत.' झालें! येथें वाक्य तोडलें एवढेंच नव्हे. 'जें वसलेलें होतें' या सात अक्षरांच्या ओझ्याचें काम 'कांठच्या' या एका प्रत्ययान्त शब्दानें केलें. संबंध दाखविण्याची ही सोय मराठीला जन्मतः मिळालेली आहे. आणि 'जो' वापरावयाचाच असेल तर त्याला आधीं बसवून पाठोपाठ 'तो' आणावा: जो करील तो भोगील. ही जोडी म्हणींमध्यें आणि ओव्यांमध्यें शतकानुशतकें एकत्र नांदत आली आहे. तिची ताटातूट करूं नये.

मराठीची दुसरी मोठी सोय म्हणजे 'ऊन'प्रत्ययान्त धातुसाधित. 'पहांटे उठून, गुरांना वैरण घालून, भाकरी फडक्यांत बांधून तो शेतावर गेला.' चार क्रिया, एक कर्ता, एकच पूर्ण क्रियापद. आणि माणसाची सकाळ डोळ्यांपुढून सरकत गेली. 'आणि', 'नंतर', 'त्यानंतर' यांची गरजच पडली नाहीं. मात्र या प्रत्ययाची अट अशी कीं, साधारणतः सर्व क्रियांचा कर्ता एकच असावा. ही अट मोडली म्हणजे 'स्टेशनावर पोहोंचून गाडी सुटलेली होती' असलीं वाक्यें जन्मास येतात. पोहोंचलें कोण? व्याकरण म्हणतें, गाडी. असलीं वाक्यें आजकाल छापील मजकुरांतहि सर्रास आढळतात, आणि वाचक दयाळूपणानें अर्थ लावून घेतो. वाचकाच्या दयेवर लेखकानें फार दिवस जगूं नये.

'च', 'हि', 'तरी', 'तर' हे बारीक शब्द विद्यार्थ्याला कोणी शिकवीत नाहीं, पण खरें वजन त्यांच्यावर असतें. 'मुलानें काल पत्र लिहिलें' हें साधें वाक्य घ्या. 'मुलानेंच' म्हटलें कीं दुसऱ्या कोणावरचा संशय फिटला. 'कालच' म्हटलें कीं घाई कळली. 'पत्रच' म्हटलें कीं दुसरें कांहीं लिहिण्याची शक्यता मिटली. आणि 'लिहिलेंच' म्हटलें कीं कोणी तरी नको म्हणत होतें हें उघड झालें. एका अक्षराच्या जागेनें घरांतलें सगळें भांडण वाक्यांत आलें. ज्याच्या पानावर दर ओळीला दोन 'च' आहेत त्याला मात्र कशावरच जोर देतां येत नाहीं.

हें सारें कारागिरीचें झालें. परंतु एक जागा अशी आहे कीं, तेथें कारागिरी आणि सचोटी यांची गांठ पडते. ती जागा म्हणजे 'करण्यांत आलें'.

कचेऱ्यांच्या व वर्तमानपत्रांच्या मराठींत हा प्रयोग इतका बोकाळला आहे कीं, तो आतां कोणास खटकतहि नाहीं. 'जमावावर लाठीमार करण्यांत आला.' 'झोंपड्या हटविण्यांत आल्या.' 'अर्ज फेटाळण्यांत आला.' या वाक्यांना कर्म आहे, क्रिया आहे. कर्ता पळून गेला आहे. कर्ता खरोखरच अज्ञात असेल किंवा त्याला महत्त्व नसेल, तर हा प्रयोग निरुपद्रवी आहे. सभेच्या वृत्तांतांत 'आभार मानण्यांत आले' म्हणून कोणाचें बिघडत नाहीं. पण जेथें कर्त्याचेंच नांव महत्त्वाचें, तेथें हा प्रयोग म्हणजे पडदा होय. आणि पडदा ओढणाऱ्याला आपण तो ओढला हें पुष्कळदां ठाऊकहि नसतें.

हा पडदा कचेरीपुरता राहिला असता तर मी येथें इतका वेळ घेतला नसता. तो आपल्या घरांत आला आहे. सुशिक्षित घराण्यांतून कुलवृत्तान्त लिहिण्याची चांगली प्रथा आहे. निवृत्त झालेले गृहस्थ हौसेनें आठवणी लिहितात, त्यांच्या छोट्या पुस्तिका नातेवाईकांत वांटल्या जातात. त्यांत कोण कोठें शिकलें, कोणाला कोणती नोकरी लागली, कोणीं कोठें घर बांधलें, हें सारें कर्त्याच्या नांवानिशीं येतें. आजोबांनीं वाडा बांधला. काकांनीं पदवी घेतली. आणि मग मध्येंच असें एखादें वाक्य येतें: 'मोठ्या मुलीचें शिक्षण सातवींत थांबविण्यांत आलें.' किंवा: 'थोरल्या सुनेस माहेरीं पाठविण्यांत आलें.' वाडा बांधणारे आजोबा या वाक्याच्या वेळीं कोठें गेले होते? लिहिणारा खोटें बोलत नाहीं, कांहीं लपवावें असा त्याचा हेतुहि बहुधा नसतो. मराठींत असेंच लिहावयाचें असतें, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. पण ज्या आत्याची शाळा सुटली, तिच्या नातींनीं तें पान वाचलें म्हणजे त्यांना असें वाटावें कीं, अतिवृष्टि व्हावी किंवा भिंत खचावी तसें तें शिक्षण आपोआप थांबलें.

'आजोबांनीं तिची शाळा बंद केली.' सर्व शब्द साधे. हें वाक्य लिहितांना हात अडखळतो, आणि त्याला अडखळूं द्यावा. कारण एकदां कर्ता वाक्यांत आला म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप येतो: कां बंद केली? पैसे नव्हते? गांवांत पुढची शाळा नव्हती? लग्न ठरलें होतें? धाकट्या भावंडांना सांभाळावयास घरांत दुसरें कोणी नव्हतें? मग लेखकाला माहिती काढावी लागते, वडीलधाऱ्यांना विचारावें लागतें; म्हाइंभटांप्रमाणें दोघांनीं दोन तऱ्हांनीं सांगितलें तर दोन्ही लिहावें लागतें. कदाचित् या शोधांत आजोबांची बाजू वाचकाला अधिक समजेल. 'थांबविण्यांत आलें' या शब्दांनीं आजोबांचाहि बचाव होत नाहीं. ते वाक्यांतून नाहींसे होतात एवढेंच.

या दृष्टीनें लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' पुनः वाचून पाहावींत. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. बाई १९३६ सालीं वारल्या. शाळेची पायरी त्या फारशा चढल्या नव्हत्या. ज्यांना आपण लेखनाचे संस्कार म्हणतों त्यांपैकीं फारच थोडे त्यांच्या वांट्याला आले होते, आणि हेंच कदाचित् त्यांचें भाग्य. वडिलांच्या सोंवळ्याचा साऱ्या घराला झालेला जाच, पतीचा तापट व लहरी स्वभाव, १८९५ सालीं टिळक ख्रिस्ती झाल्यानंतरचा वियोग, हे विषय असे आहेत कीं सराईत लेखकानें त्यांवर अश्रूंचा पाऊस पाडला असता. बाई कर्त्याचें नांव घेतात, काय केलें तें सांगतात, आणि पुढें जातात. पुष्कळदां हंसतातहि. टिळकांवर त्यांचें प्रेम होतें कीं राग, असा प्रश्न त्या पुस्तकाच्या वाचकाला पडत नाहीं. दोन्ही होतीं, हें त्यांच्या साध्या वाक्यांतच कळतें. त्या वाक्यांना बोलण्याची लय आहे. माजघरांत बसून एखादी बाई सांगते आहे, हातांत कांहीं काम आहे, आणि ऐकणाऱ्या बायकांना पुढचें माहीत असूनहि त्या हंसावयाच्या थांबत नाहींत.

आणि हें केवळ शिक्षणाच्या अभावानें साधतें असेंहि नव्हे. हरिभाऊ आपटे चांगले बहुश्रुत होते. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ते लांबलचक वर्णनें करतात, मध्येंच थांबून वाचकांशीं हितगूज करतात. पण 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणुकीं'तून येऊं लागली, तेव्हां त्यांनीं सारी कथा यमूच्या तोंडीं घातली, आणि आपल्या लेखणीची पंडिताई पुष्कळ अंशीं बाजूला ठेवली. यमूला जें दिसलें असतें तेंच दिसावें, तिला जो शब्द सुचला असता तोच यावा, हा निर्बंध त्यांनीं स्वतःवर घालून घेतला. सर्वत्र तो पाळला गेला असें नाहीं. मधून मधून सुधारकाचें व्याख्यान यमूच्या पदराआडून ऐकूं येतें. जेथें पाळला गेला, तेथें ती कादंबरी आजहि ताजी आहे.

अनुकरणाविषयीं एक शब्द. नवलेखकाला 'चांगले लेखक वाचा' असा उपदेश सर्व जण करतात, पण वाचून काय घ्यावें हें सांगत नाहींत. शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ति ही केवळ हौस नव्हती. 'काळ' पत्र १८९८ सालीं निघालें तेव्हां डोक्यावर राजद्रोहाच्या कायद्याची तलवार होती, आणि ती १९०८ सालीं त्यांच्यावर पडलीहि. जें सरळ लिहितां येत नव्हतें तें वांकडें लिहावें लागलें, म्हणून त्या वांकडेपणाला धार आली. त्यांच्यामागून ज्यांनीं ती ढब उचलली त्यांना भिण्यासारखें कांहीं नव्हतें. त्यांच्या हातीं नुसता वांकडेपणा राहिला. गडकऱ्यांच्या अनुप्रासांचें व कल्पनांच्या आतषबाजीचें असेंच झालें. १९१९ सालीं ते वारले, आणि त्यांच्या मागून त्यांची भाषा बोलणारीं पात्रें रंगभूमीवर बराच काळ वावरत राहिलीं. शैली लेखकाच्या अडचणींतून घडते. आपली अडचण कोणती, हें ओळखल्याशिवाय दुसऱ्याची शैली अंगावर घेणें म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखें आहे.

शाळेंतल्या निबंधाची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण रोगाचें मूळ तेथें आहे. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा विषय दिला कीं मुलगा लिहितो: आकाशांत कृष्णमेघ दाटून आले, वसुंधरा हिरवा शालू नेसली, मयूर नाचूं लागले. मुलगा राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि मयूर त्यानें पाहिला असेल तर पिंजऱ्यांत. त्यानें खरोखर पाहिलें तें हें: दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नाहींत, सदऱ्याला कुबट वास आला, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, जिन्यांत सर्वांच्या छत्र्यांचें पाणी साचलें आणि शेजारच्या आजी घसरतां घसरतां वांचल्या. यांतलें एक वाक्यहि निबंधांत येत नाहीं, कारण तें 'साहित्यिक' नाहीं असें त्याला शिकविलेलें असतें. दहाव्या वर्षीं जो न पाहिलेला मोर लिहावयास शिकला, तो चाळिसाव्या वर्षीं न वाटलेलें दुःख लिहितो. आईबापांनीं मुलाची शुद्धलेखनाची वही तपासतांना एवढेंच विचारावें, 'हें तूं पाहिलेंस का?' मूल प्रथम गोंधळेल, मग हंसेल, मग छत्र्यांची गोष्ट सांगेल. ती त्याच शब्दांत लिहून घ्यावी.

खोडण्याविषयीं सर्वांनीं सांगितलेंच आहे. माझ्या अनुभवाची एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे: बहुतेक लेखांचा पहिला परिच्छेद हा लेखक खुर्ची सरकवून बसत असल्याचा आवाज असतो, तो काढून पाहावा. पूर्वीं कागदावर खोडलेलें खाली दिसत असे, आणि उद्यां तेंच बरें होतें असें वाटलें तर परत घेतां येत असे. आतां कळफलकावर बोट दाबलें कीं शब्द नाहींसा होतो आणि त्याबरोबर तो कां काढला याची आठवणहि जाते. म्हणून महत्त्वाचा मजकूर तरी एकदां कागदावर उतरवून घ्यावा आणि हातानें खोडावा. दोन खेपांमध्यें आठवडा जाऊं द्यावा; निकड असेल तर निदान एक रात्र.

आणि मग मोठ्यानें वाचावा. आपलें बरेंचसें वाङ्मय कानासाठीं जन्मलें. पोथी वाचली जाई ती दहा जणांत, आणि कीर्तनकाराला श्रोत्यांची चुळबूळ तत्काळ समजे. ती चुळबूळ लेखकाला घरबसल्या मिळूं शकते. मात्र लेखनाची हौस असलेल्या मित्राला ऐकवूं नये. तो कल्पनेची तारीफ करील, किंवा आपली स्वतःची कथा खिशांतून काढील. स्वयंपाकघरांत पावटे सोलीत बसलेल्या माणसाला ऐकवावें. त्याला तुमच्या कीर्तीशीं कर्तव्य नसतें, आणि त्याचे हात मोकळे नसल्यामुळें तो उगीच मान डोलवीत नाहीं. जोंवर शेंगा सारख्या गतीनें सोलल्या जात आहेत तोंवर ठीक आहे. हात थांबले आणि 'कोण गेलें म्हणालास?' असा प्रश्न आला, कीं पेन्सिल काढून त्या ओळीला तेथल्या तेथें खूण करावी.